परड्यातला सोनपाठी सुतार: फोटो मिळेपर्यंतचा माझा अनुभव

सुतार पक्ष्याच्या मागे कॅमेरा घेऊन फिरलं की हाती खोडाचे फोटो येतात. माणूस दिसला की तो बहुतेक वेळा लगेच उडत नाही, खोडाच्या पलीकडच्या अंगाला सरकतो. आपण वळसा घातला की तोही तेवढाच सरकतो आणि कडेने चोच तेवढी डोकावते. म्हणून मी आधी खोड हेरते, मग बसायची जागा ठरवते आणि पक्ष्याला त्याच्या वेळेने येऊ देते.

कोकण किनारपट्टीच्या आगरांत, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागांत, बहुधा दिसतो तो सोनपाठी सुतार. लांबी २६ ते २९ सेंटीमीटर, पाठ सोनेरी, गळा काळा आणि त्यावर पांढरे ठिपके, कंबर काळी. नराचा माथा आणि तुरा लाल असतो. मादीचं कपाळ काळं, पांढऱ्या ठिपक्यांचं, लाल असतो तो फक्त मागचा तुरा. याच्यासारखाच दिसणाऱ्या मोठ्या सोनपाठी सुताराची कंबर लाल असते, त्यामुळे ओळख पक्की करायला एक तरी फोटो पाठमोरा, कंबर दिसेल असा घ्यावा. दुपारभर एकसुरी टुक टुक ऐकून सुतार आला असं समजू नये, तो तांबट पक्षी. सुताराचा आवाज खडखडीत, किंचाळल्यासारखा असतो आणि उडता उडताही येतो.

खोड ओळखायला वर बघण्याआधी खाली बघावं. काजूच्या बुंध्याशी बारीक भुसा आणि डिंक दिसला तर ते रोठ्याचं (खोड पोखरणाऱ्या किडीचं) काम, म्हणजे आत अळी आहे. सुताराने टोचे मारले असतील तर खाली ढलप्या पडलेल्या असतात, नखाएवढ्या किंवा थोड्या मोठ्या, कडा तुटक्या. ताजी ढलपी आतून फिकट असते, दोन-चार दिवसांत ती काळवंडते. फिकट ढलप्या ज्या झाडाखाली सलग तीन सकाळी दिसतील, ते आपलं झाड. शेंडा गेलेला माड, आंब्याची वाळकी फांदी, मुंग्यांची रांग चढणारा फणस ही त्याची नेहमीची ठिकाणं. मेलेला माड मुद्दाम उभा ठेवायचा सल्ला मी देणार नाही. कुजत्या माडात गेंड्या भुंग्याची अळी वाढते आणि शेजारच्या लहान माडांना त्याचा त्रास होतो. आंब्याची वाळकी फांदी घरावर किंवा वाटेवर पडणार नसेल तर ती राहू द्यावी, सुताराला तेवढी पुरते.

आता सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. सुतार माणसांच्या वर्दळीकडे पाठ करत नाही, वर्दळ आणि स्वतःच्या मध्ये खोड ठेवतो. म्हणून असं झाड निवडावं, ज्याच्या पलीकडे विहिरीची किंवा न्हाणीघराची रोजची वाट आहे आणि अलीकडे आपली शांत खिडकी. वाटेने कोणी गेलं की तो सरकत सरकत खिडकीच्या बाजूला येतो. कोणाला मुद्दाम पलीकडे उभं करू नये. अनोळखी माणूस नुसता उभा राहिलेला त्याला चालत नाही आणि तो झाडच सोडतो.

जमिनीवरून फोटो काढला की पोट आणि हनुवटी येते. घराच्या माळ्याची खिडकी जमिनीपासून तीनेक मीटरवर असते आणि सुतारही साधारण त्याच उंचीला काम करतो. तो खोडाच्या खालच्या भागावर उतरतो, गोल फिरत वर चढतो आणि मग उडून पुढच्या झाडाच्या पायथ्याकडे जातो. त्यामुळे कॅमेरा त्याच्या थोडा वर रोखून थांबलं की तो आपणहून चौकटीत येतो. खिडकीची काच उघडी हवी. काचेतून काढलेला फोटो सहसा तितका धारदार येत नाही. गजांमधून लेन्सचं तोंड बाहेर काढावं, मागे गडद चादर लावावी, खोलीतला दिवा बंद ठेवावा. माळ्याच्या लाकडी तक्तपोशीवर ट्रायपॉड ठेवला तर घरात कोणी चाललं तरी तो थरथरतो. मी खिडकीच्या चौकटीवर दोन किलो तांदूळ भरलेली जाड कापडी पिशवी ठेवते आणि लेन्स तिच्यात रुतवते. भाताचा तूस भरून पाहिला, तो फार हलका पडतो.

अंतराचं गणित एकदा करून ठेवावं. ४०० मिलिमीटर लेन्स आणि १० मीटर अंतर असेल तर २८ सेंटीमीटरचा पक्षी सेन्सरवर सुमारे ११ मिलिमीटर उमटतो. एपीएस-सी (बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो तो मध्यम आकाराचा) सेन्सरची लांब बाजू साधारण २३ मिलिमीटर असते. म्हणजे कॅमेरा उभा धरला तर पक्षी चौकटीची जवळजवळ अर्धी उंची व्यापतो, आणि तेवढा पुरे. आडवा धरला तर दोन्ही बाजूंना नुसती झाडी येते. आठ मीटरवर एफ ५.६ ला (हे लेन्सच्या छिद्राचं माप) पुढेमागे जेमतेम ९ सेंटीमीटरच स्पष्ट येतं, म्हणून पक्षी बाजूने दिसतो तेव्हाच बटण दाबावं. फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवावा. मोठा चौकोन ठेवला की कॅमेरा हटकून माडाच्या सालीवरच्या रेघा पकडतो, आणि घरी येऊन बघावं तर खोड सुरेख, पक्षी अस्पष्ट.

शटरचा वेग बसलेल्या पक्ष्यासाठी सेकंदाचा १/१००० पुरतो. टोचे मारत असेल तर १/२५०० पासून वर जावं, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत गेलं तरी चालेल. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला येत नाही. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर बऱ्याच कॅमेऱ्यांत टोच्याच्या क्षणी चोच वाकडी उमटते, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्यात डोकं पुढे गेलेलं असतं. टोच्यांसाठी मेकॅनिकल शटरच बरं. सलग काढलेल्या फोटोंपैकी काहींत डोळा दुधाळ दिसतो. त्यात लेन्सचा दोष नाही. चोच लाकडावर आपटण्याआधी तो डोळ्यावर आतली पातळ पापणी ओढून घेतो. स्वच्छ डोळा हवा असेल तर दोन टोच्यांमधली उसंत पकडावी. डोकं मागे जाऊन क्षणभर थांबतं, तेव्हा डोळा उघडा आणि चोच धारदार मिळते.

उजेडाचा हिशेब आपल्याकडे थोडा निराळा. बऱ्याच गावांच्या पूर्वेला डोंगर किंवा सडा (खडकाळ पठार), त्यात माडांची गर्दी, त्यामुळे हिवाळ्यात खोडावर ऊन आठच्या सुमारास पोचतं. दहा वाजले की तापलेल्या जांभ्या दगडाच्या अंगणावरून हवा थरथरते. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण लांब लेन्समध्ये पिसांच्या कडा विरघळतात आणि शटर कितीही वाढवलं तरी उपयोग होत नाही. त्या वेळी फोटो थांबवावेत. चार ते सहाचं समुद्राकडून येणारं तिरकं ऊन मला सकाळपेक्षा आवडतं, सोनेरी पाठ त्यात खरी उजळते. गडद खोडापुढे असेल तर एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी करावं, नाहीतर गालावरचे पांढरे पट्टे जळतात. झावळ्यांमधून पांढरं आभाळ मागे आलं की उलट एक स्टॉप वाढवावं. आंब्याखाली सगळ्यावर हिरवट झाक येते, म्हणून फोटो रॉ मध्येच, म्हणजे रंग नंतर सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये, काढावेत.

फ्लॅश लावू नये. मोबाईलवर त्याची हाक वाजवून बोलावूही नये. दुसरा पक्षी आपल्या हद्दीत शिरला असं वाटून तो चारा सोडून भांडायला येतो. परदेशी पुस्तकांत सुतारासाठी चरबीचे गोळे टांगायला सांगतात. आपल्या उष्म्यात ते वितळतात, खवट होतात आणि मांजरांना वाट दाखवतात.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, आणि इथे ती एका मोसमात धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवावा, काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहायला हवा. निळं जेल गुलाबी झालं की ते तापवून पुन्हा वापरता येतं. मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्टचं विषारी संयुग असतं, त्यामुळे स्वयंपाकाची भांडी आणि ओव्हन त्यासाठी वापरू नयेत. खाऱ्या वाऱ्यात काम झाल्यावर कॅमेऱ्याचं अंग ओलसर कापडाने पुसून मग कोरड्याने पुसावं.

ढोली सापडली तर तिच्यावर कॅमेरा रोखून बसू नये. पक्षी ढोलीजवळ चिकटून राहिला, मान वळवून बघत राहिला आणि आत शिरला नाही, तर अडथळा आपलाच आहे. खिडकी लावून घ्यावी. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना जातो. ढोली असलेला वाळका माड तोडायचा ठरला असेल किंवा पाडपाला (नारळ उतरवायला) पाडेली यायचे असतील, तर त्यांना आधीच तो माड दाखवून ठेवावा आणि एवढा एक महिना सोडायला सांगावं. ढोली कोणत्या बाजूला आहे ते खालून दिसत नाही, म्हणून मी बुंध्याला त्या बाजूने सुतळी बांधून ठेवते.