सोयाबीनचा ४६ नंबरचा लॉट

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीचा सर्व्हर मी जवळजवळ आठ वर्षं सांभाळला. २०११ च्या दिवाळीत तो मीच बसवला होता आणि ३१ मे २०१९ ला मीच बंद केला. त्याआधीचा रविवार, म्हणजे २६ मे, मला तासातासाने आठवतो.

'जालना सोने का पालना' असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात. आता हे शहर ओळखलं जातं ते सळयांमुळे आणि बियाण्यांमुळे. ही कंपनी त्यातली मध्यम होती, ऑफिसात चाळीसेक माणसं. गोडाउनला लागून पूर्वी चहाचं सामान ठेवायची एक खोली होती, तिथे सर्व्हर असायचा. बीजप्रक्रियेच्या औषधातल्या रंगाची धूळ दार कितीही बंद ठेवलं तरी आत शिरायची. दर तीन महिन्यांनी मी बाजूचं झाकण काढून ब्लोअर मारायचो, तेव्हा पंख्याच्या पात्यांवर गुलाबी थर बसलेला असायचा. बोट फिरवलं की बोट गुलाबी.

त्यात मायक्रोसॉफ्टचा स्मॉल बिझनेस सर्व्हर २०११ होता. लहान धंद्यांसाठी ही फार सोयीची चीज होती. लॉगिन, ईमेल, फाइली, घरून काम करायची सोय, सगळं एकाच डब्यात आणि परवडेल अशा किमतीत. त्या बदल्यात अटी होत्या. ७५ पेक्षा जास्त वापरकर्ते नाहीत, दुसऱ्या डोमेनशी (डोमेन म्हणजे एका ऑफिसातल्या कॉम्प्युटरांचं आणि लॉगिनांचं कुटुंब) ट्रस्ट, म्हणजे एकमेकांची लॉगिनं मानायचा करार नाही, आणि डोमेनच्या पाचही मुख्य भूमिका, म्हणजे कारभाराच्या जबाबदाऱ्या, कायम ह्याच्याकडेच. एकखांबी तंबू! आठ वर्षं त्या खांबाने कुरकुर केली नाही, हे मी मनापासून सांगतो.

२०१९ च्या सुरुवातीला कंपनी एका मोठ्या समूहाने घेतली आणि सर्व्हर त्यांच्या नेटवर्कमध्ये न्यायचं ठरलं. पुण्याहून समूहाची एक इंजिनिअर मुलगी फोनवर म्हणाली, "सर, आपण दोन डोमेनमध्ये ट्रस्ट करू आणि युजर हलवू." मी म्हणालो, "मॅडम, हा ट्रस्ट करू देत नाही. आधी ह्याला डोमेनमधून बाहेर काढावं लागेल." मग आराखडा ठरला. त्याच डोमेनमध्ये साधा विंडोज सर्व्हर २०१६ आणायचा, पाचही भूमिका त्याच्याकडे द्यायच्या, फाइलींसाठी समूहाच्या नियमाप्रमाणे वेगळा सर्व्हर २०१९ लावायचा, जुना काढायचा, आणि मगच पुण्याशी नातं जोडायचं. ईमेल एप्रिलमध्येच समूहाकडे गेली होती. ते काम किचकट असलं तरी नेहमीचं होतं.

भूमिका काढून घेतल्या की मात्र ह्या सर्व्हरचं घड्याळ सुरू होतं. स्थलांतरासाठी २१ दिवस मिळतात, पुढे तो आपला आपण बंद पडू लागतो. आम्ही ११ मेला भूमिका हलवल्या, म्हणजे १ जूनच्या आत त्याला निरोप द्यायचा होता. बियाण्याच्या धंद्यात ह्याच्याइतका वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. मृग ७-८ जूनला लागतो आणि त्याआधी दुकानदारांकडे माल पोचलेला हवा. त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळ होता, गावोगाव टँकर फिरत होते, तरी सोयाबीनची मागणी होतीच. पाऊस येवो न येवो, शेतकरी बियाणं घेऊन ठेवतोच. भैयांनी, म्हणजे मालकांच्या थोरल्या मुलाने, एवढंच सांगितलं होतं, "सोमवारी सकाळी सहाशे बॅगा परतूर-मंठ्याकडे निघाल्या पाहिजेत. बाकी तुमचं तुम्ही बघा."

शनिवारी रात्री मी रोबोकॉपीने (विंडोजमधल्या कॉपी करायच्या आज्ञेने) फाइली परवानग्यांसकट नव्या सर्व्हरवर आणल्या आणि सगळ्यांचे ड्राइव्ह तिकडे वळवले. रविवारी सकाळी हिशोबाची माणसं बसली, टॅली उघडलं, प्रिंट निघाल्या. साडेनऊला लेबलच्या खोलीतून मामा आले.

मामा म्हणजे लेबलवाले मामा. कारखाना सुरू झाला तेव्हापासून तिथेच. "साहेब, आपलं मशीन काही बोलेना."

लेबल छापणारा कॉम्प्युटर विंडोज एक्सपीचा होता. एक्सपी फाइल मागताना एसएमबीची (विंडोजची नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची पद्धत) पहिली, जुनी बोली बोलतो, आणि सर्व्हर २०१९ मध्ये ती बोली मुळात बसवलेलीच नसते. दोघांना एकमेकांचं कळायला मार्गच नव्हता. मी पुण्याला फोन लावून विचारलं, दोन दिवसांपुरती ती चालू करू का. ती म्हणाली, "सर, ते सोडून काहीही सांगा. वॉनाक्राय ह्याच दारातून आला होता." मे २०१७ मध्ये जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद करणारा तो व्हायरस ह्याच जुन्या बोलीतल्या भोकातून पसरला होता. मी हुज्जत घातली नाही. ती मुलगी बरोबर होती. चूक माझी होती. यादी करताना लेबलचा कॉम्प्युटर मी नुसता 'एक पीसी' म्हणून लिहिला होता, आत काय आहे ते उघडून पाहिलं नव्हतं.

हिशोब खात्यात विंडोज ७ चा एक जादा पीसी होता. लेबलचं सॉफ्टवेअर माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर सापडलं. अडलं ते प्रिंटरच्या वायरीपाशी. प्रिंटरला रुंद पॅरलल पोर्ट लागायचा आणि ह्या पीसीला तो नव्हता. औरंगाबादच्या (तेव्हा हेच नाव होतं) एका ओळखीच्या दुकानदाराने माझ्यासाठी रविवारी शटर उघडलं, पोर्टचं कार्ड पुडक्यात बांधलं आणि जालन्याच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलं. साठ किलोमीटरचा रस्ता. दोनच्या उन्हात मी स्टँडवर उभा राहून बसच्या पाट्या वाचत होतो. ड्रायव्हरने खिडकीतून पुडकं काढून दिलं आणि चहालाही थांबला नाही.

चारच्या सुमारास कार्ड बसलं आणि प्रिंटर चालू झाला. हिरवी लेबलं सरसर बाहेर पडायला लागली. भैयांनी दारातूनच अंगठा दाखवला. मीही निवांत झालो होतो, हे कबूल करतो.

मामांनी पहिलं लेबल फाडून घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बोटाने एकेक ओळ वाचली. पीक, वाण, लॉट नंबर (एकत्र तयार झालेल्या मालाच्या खेपेचा क्रमांक), उगवण क्षमता, शुद्धता, वजन, चाचणीची तारीख. मग माझ्यासमोर धरलं. "साहेब, हे पाहा बरं. हा तं शेचाळीसचा लॉट हाये. आपण सत्तेचाळीस भरू राहिलो."

मी लेबल घेऊन प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या ताईंनी रजिस्टर उघडलं. सोयाबीनची उगवण आठ दिवस पाहतात, पाचव्या दिवशी पहिली मोजणी आणि आठव्या दिवशी शेवटची. ४७ नंबरच्या लॉटची शेवटची मोजणी त्यांनी त्याच सकाळी करून संगणकात भरली होती, ७२ टक्के. लेबलवर छापलं होतं ७८ टक्के, आदल्या लॉटचं.

सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते, म्हणजे माल विकण्यासारखा होता. पण पिशवीवर ७८ लिहून आत ७२ देणं ही शेतकऱ्याची फसवणूक होती, आणि उद्या त्याने उगवलं नाही म्हणून तक्रार केली असती तर आम्ही भलत्याच लॉटचे नमुने तपासत बसलो असतो. शेतकरी पेरणीचा हिशोब त्या टक्क्यावर करतो. एकरी किती किलो टाकायचं ते तो पिशवीवरचा आकडा बघून ठरवतो.

कारण शोधायला मला वीस मिनिटं लागली. २०१३ मध्ये मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. दर अर्ध्या तासाला ती प्रयोगशाळेच्या एक्सेल फाइलमधून शेवटचा निकाल उचलायची आणि लेबल मशीनसाठी साधी टेक्स्ट फाइल तयार करायची. ती जुन्या सर्व्हरवर, जुन्या फोल्डरमध्ये, इमानाने चालूच होती. ताई लिहीत होत्या नव्या सर्व्हरवर, स्क्रिप्ट वाचत होती जुन्या सर्व्हरवरची शनिवारची फाइल, आणि लेबल मशीन वाचत होतं शनिवारी रात्री कॉपी झालेली, तिथेच थिजलेली टेक्स्ट फाइल. कुठेही लाल अक्षर नाही, एरर नाही. तिघंही आपापलं काम बिनचूक करत होते. सकाळी एक्सपी बोलेना तेव्हा पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं. हे कुणालाच कळलं नसतं. मशीन बंद पडलं तर मला भीती वाटत नाही. ते चुकीच्या गोष्टी शहाण्यासारखं छापत राहतं तेव्हा वाटते.

स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर बसवली, तिच्यातले फाइलींचे रस्ते बदलले, पुन्हा लेबल काढलं. ४७, ७२ टक्के, २६ मे. मामांनी ते ताईंच्या रजिस्टरशेजारी ठेवून दोनदा वाचलं आणि मान हलवली. आधीच्या दीडशे लेबलांचे त्यांनी माझ्यासमोर मधोमध फाडून तुकडे केले, एकही तसंच टाकलं नाही.

रात्री मी जुन्या सर्व्हरच्या टास्क शेड्युलरमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतली) प्रत्येक ओळ उघडून वाचली. मला आठवत नसलेली आणखी दोन कामं निघाली. एक टॅलीच्या बॅकअपचं, दुसरं हजेरीच्या मशीनचं. दोन्ही हलवून पुण्याच्या मुलीला दाखवली. तिने सकाळपासून फोन ठेवला नव्हता. शेवटी म्हणाली, "सर, त्या मामांना माझा नमस्कार सांगा."

सोमवारी बॅगा गेल्या. त्या वर्षी पाऊस लांबला, जून निम्मा सरला तरी आभाळ कोरडंच होतं, पण माल वेळेवर पोचलेला होता.

३१ मेला, विसाव्या दिवशी, मी सर्व्हरला डोमेनमधून काढलं आणि बंद केलं. पंखे थांबले तेव्हा मामा दारात उभे होते. "आता ह्याच्यात काही राह्यलं तं नाही ना?"

मी झाकण उघडलं, दोन्ही डिस्क काढल्या, त्यांच्यावरची गुलाबी धूळ पुसली आणि स्टिकरवर तारीख लिहिली. मामांनी त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळल्या आणि लॉटच्या जुन्या रजिस्टरांच्या कपाटात, सर्वांत वरच्या खणात ठेवल्या.