रोस्टरवरचं नाव

पुण्यातल्या एका हॉटेलात मी एचआर बघत होते. मार्च २०२०, लॉकडाऊनच्या जेमतेम आठवडाभर आधी हाउसकीपिंगमधली मिझोरमची मुलगी राजीनामा घेऊन आली. कारण लिहिलं होतं, ‘घरगुती’. घरी सगळं ठीक ना, असं विचारलं तर बोलेचना. मग मोबाइलवर ड्युटी रोस्टरचा फोटो दाखवला. तिच्या नावावर पेनाने काट, वर लिहिलेलं ‘मोमो’. खाली माझी सही. मी ते वाचलं होतं, आणि वाचून सही केली होती.

सुपरवायझरला बोलावलं. “मॅडम, लाडाने म्हणतो आम्ही. तीपण हसते की!” त्याला खरंच तसं वाटत होतं. तिला विचारलं तर म्हणाली, “हसूँ नहीं तो क्या करूँ, मॅम? काम तो इन्हीं के साथ करना है.” त्या महिन्यात ‘मोमो’चं ‘कोरोना’ झालं होतं. कँटीनमध्ये ती बसली की शेजारचे ताट उचलून उठायचे. ईशान्येकडच्या लोकांना असा त्रास देशभर होत होता. केंद्रीय गृहखात्याला त्याबद्दल राज्यांना लिहावं लागलं.

तक्रार लिहायला बसले तर त्यासाठी कागदच नव्हता. लैंगिक छळासाठी २०१३चा कायदा आहे, अंतर्गत समिती आहे. वंशावरून होणाऱ्या छळासाठी आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. २०१४मध्ये अरुणाचलचा निडो तानिया दिल्लीत मारहाणीनंतर मरण पावला. सुरुवात केसांवरून चिडवण्याने झाली होती. त्यानंतर केंद्राने नेमलेल्या बेझबरुआ समितीने अशा छळासाठी कायद्यात स्वतंत्र कलम सुचवलं होतं. माझ्या हाती ते नव्हतं.

शेवटी त्या २०१३च्याच कायद्यातली कसोटी उचलली: नकोसं. सुपरवायझरच्या मनात लाड होता की द्वेष, हे विचारणं सोडून दिलं. तिला ते नकोसं होतं का? तिच्या चेहऱ्यावरून, मुलखावरून होतं का? त्यापायी कामावर येणं जड जात होतं का? ती सांगत गेली, मी तारखा टाकत गेले. एकेक गोष्ट सुटी ऐकली असती तर मीही ‘चालायचंच’ म्हटलं असतं. दीड पान भरलं.

सुपरवायझरला लेखी ताकीद मिळाली. माझ्या सहीबद्दल मी वरिष्ठांना लेखी कळवलं. राजीनामा मात्र तिने मागे घेतला नाही. अनुभवपत्रावरचं नाव मी दोनदा तपासलं, तरी एक अक्षर चुकलंच होतं. तिने बोट ठेवून दाखवलं. मी पुन्हा छापून दिलं.