या महिन्याचं वाचन: सगळ्या 'मी'च्या कादंबऱ्या

या महिन्यात वाचलेल्या सगळ्या कादंबऱ्यांचा निवेदक 'मी' आहे. सुरुवातीला तसं काही ठरवलं नव्हतं. 'पण लक्षात कोण घेतो' चालू होती, ती संपता संपता 'गोतावळा' हातात घेतली, आणि त्यांचे निवेदक, यमू आणि नारबा, ही दोन माणसं एकमेकांपासून इतकी लांबची असूनही एकाच कारणाने धरून ठेवतात हे जाणवलं. त्यानंतरची यादी मात्र मुद्दाम लावली. कारण असं: या दोघांना स्वतःच्या गोष्टीतलं सगळं उमगलेलं नाही. समोर दिसतं ते सांगतात, आणि त्याचा अर्थ वाचणाऱ्याला त्यांच्या आधी लागतो. 'मी'च्या कादंबरीची सगळी ताकद या मधल्या जागेत असते, असं माझं मत या महिन्यात पक्कं झालं. निवेदकाला फार कळायला लागलं की कादंबरी सैल पडते.

ह. ना. आपट्यांपासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. 'पण लक्षात कोण घेतो' ही आपट्यांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' या साप्ताहिकात क्रमशः आली. आपट्यांचा जन्म 1864 चा, म्हणजे तेव्हा ते सव्विशीच्या आसपासचे. त्या वयाच्या पुरुषाने एका ब्राह्मण घरातल्या मुलीच्या तोंडून एवढी मोठी कथा सांगायची आणि ती खोटी वाटू द्यायची नाही, हे आजही सोपं नाही. पहिल्या भागातलं यमू आणि दादा या भावंडांचं बालपण मला सगळ्यात आवडलं. वडिलांचा धाक, आजीचा शब्द, आईचं गप्प राहणं हे सगळं यमू लहान मुलीच्या नजरेने टिपते. मोठ्या माणसांचे राग-लोभ तिला दिसतात, पण त्यामागचं कारण तिच्यापर्यंत पोचत नाही. लग्नाची बोलणी म्हणजे तिच्या लेखी घरातली गडबड आणि नवे कपडे. आपण मात्र हे वाचताना आतून आवळून बसलेलो असतो, कारण पुढे काय येणार ते आपल्याला माहीत असतं. दुर्गीचा भागही असाच. मैत्रिणीच्या संसारात काय चाललं आहे ते यमूला तुकड्यातुकड्यांनी कळत जातं, आणि ते तुकडे आपण तिच्या आधी जोडतो.

नवऱ्याबरोबर, म्हणजे रघुनाथरावांबरोबर, मुंबईत आल्यानंतरचा भाग मला त्या मानाने सैल वाटला. यमू शिकते, तिचं जग मोठं होतं, तिला विचार करणारी माणसं भेटतात. हे सगळं सुखाचं आहे आणि कथेला त्याची गरजही आहे, नाहीतर पुढचा आघात एवढा बसलाच नसता. पण काही पानांवर यमूच्या तोंडून आपटेच बोलताहेत असं वाटत राहतं. याला त्या काळाचं कारण आहे. ही कादंबरी अंकाअंकातून येत होती त्याच काळात, 1891 मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय 10 वरून 12 वर आलं. सगळीकडे याच विषयावर वाद पेटलेला असताना कादंबरीतल्या माणसांनी त्यावर बोलायचंच नाही, हे कसं शक्य होतं? तरीही वाचक म्हणून मला वाद घालणाऱ्या यमूपेक्षा न कळणारी यमू जास्त खरी वाटते. आणि मग सासरचे शंकरमामंजी आणि विधवा यमूचं केशवपन. तिथे पुन्हा मतं, चर्चा, सुधारणा सगळं गळून पडतं आणि उरते एक बाई आणि तिच्याभोवतीची माणसं. त्या प्रसंगाआधी तिचं मुंबईतलं सगळं शिक्षण आपण पाहिलेलं असतं, आणि त्यातलं काहीएक तिच्या कामी येत नाही. मी तिथे पुस्तक मिटून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशीच पुढे गेले.

ज्यांना ही कादंबरी लांबलचक म्हणून घ्यावीशी वाटत नाही त्यांना एक सांगते. ती एका बैठकीसाठी लिहिलेलीच नाही. रोज दोन-तीन प्रकरणं घ्या. मधूनमधून यमू वाचकांशी थेट बोलते, झालेलं पुन्हा सांगते, ते तेव्हाच्या साप्ताहिकाच्या वाचकासाठी आहे. त्या गतीने वाचलं की ते खटकत नाही, उलट कुणीतरी रोज येऊन थोडंथोडं सांगून जातंय असं वाटायला लागतं.

'गोतावळा' आणि 'पाचोळा' पाठोपाठ वाचल्या. आनंद यादवांची 'गोतावळा' आणि रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा', दोन्ही 1971 च्या. त्याआधीच्या ग्रामीण कादंबरीत साधारणपणे माणसं बोलीत बोलायची आणि लेखक प्रमाण भाषेत सांगायचा. या दोघांनी निवेदनच बोलीच्या हाती दिलं: एकाने कागलकडच्या, दुसऱ्याने मराठवाड्यातल्या. याचा परिणाम नुसता भाषेचा नाही. प्रमाण भाषेतला निवेदक माणसांकडे जरा वरून बघतो, त्याची इच्छा नसली तरी. इथे वरून बघणारं कुणी उरतच नाही.

नारबा हा शेतावरचा गडी. त्याचं स्वतःचं म्हणावं असं माणूस नाही, लग्न नाही, घर नाही. बैल, म्हशी, शेरडं, कोंबड्या हीच त्याची माणसं. मालक ट्रॅक्टर आणायचं ठरवतो आणि जनावरं एकेक करून कमी व्हायला लागतात. शेतीच्या यांत्रिकीकरणावर नारबाला एक वाक्यही बोलता येणार नाही. कुठला बैल कुठे उभा असायचा आणि आता तिथे काय आहे, एवढंच तो सांगतो. यादवांनी इथे जो संयम ठेवला आहे त्याचं मला फार अप्रूप वाटतं. जनावरांचं माजावर येणं, गाभण राहणं, विणं हे नारबा ज्या मोकळेपणाने सांगतो त्यातच त्याचं स्वतःचं अडकलेलं, एकटं शरीर दिसत राहतं, आणि ते तो कधीच धडपणे बोलून दाखवत नाही. तक्रार एकच: मधल्या भागात त्याच त्या कामांची वर्णनं पुन्हा येतात आणि कथा जागच्या जागी फिरते. तरी मी त्यातलं एक पानही गाळायला सांगणार नाही, कारण शेवटाकडे जे रिकामपण येतं ते आधीच्या त्या भरगच्च पानांमुळेच जाणवतं.

बोलीतलं निवेदन जड जात असेल तर पहिली वीसेक पानं मोठ्याने वाचा. डोळे जिथे अडखळतात तिथे कान पुढे जातात. न कळलेल्या शब्दापाशी थांबू नका. दोन पानांनी तो पुन्हा येतो आणि तेव्हा आपोआप कळतो.

'पाचोळा' ही या महिन्यातली माझी सगळ्यात आवडती. 'गोतावळा'पेक्षाही वर ठेवते. पारबती ही गावातल्या गंगाराम शिंप्याची बायको. गावातल्या बड्या माणसाशी नवऱ्याचं बिनसतं आणि त्यातून घर उसवत जातं. पारबती नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये उभी आहे. पुरुषांच्या भांडणाचं मूळ तिच्या हातात नाही, त्यात तिचं मत कुणी विचारत नाही, पण जे काही होतं ते शेवटी तिच्याच चुलीपाशी येऊन थांबतं. यमूच्या कथेनंतर ही वाचल्यामुळे एक गोष्ट फार लख्ख दिसली. यमूला आपण लिहितो आहोत याचं भान आहे. पारबतीला कुणासमोर बाजू मांडायची नाही, ती नुसती सांगते. म्हणून तिच्या वाक्यांत दुःखाची विशेषणं जवळजवळ नाहीत. कादंबरी लहान आहे आणि एक ओळ जास्तीची नाही. ग्रामीण कादंबऱ्यांची यादी करताना लोक 'पाचोळा'चं नाव घेतात खरं, पण बहुतेकदा ते कुठेतरी मागे येतं. माझ्या मते ते पहिल्या तीनांत यायला हवं.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) पुन्हा वाचली. इथला 'मी' म्हणजे राजाराम सौंदणीकर मास्तर, धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला कोवळा पोरगा. बाहेरून आलेला निवेदक म्हटला की त्याने गावाला शिकवायला सुरुवात करायची हा धोका असतो. माडगूळकर तो पार टाळतात. मास्तर बघतो, ऐकतो, अर्ज-कागद लिहून देतो, तालीम बांधायच्या खटपटीत पडतो, आणि कुणाबद्दल निकाल देत नाही. औताला जुंपायला बैल कमी पडतो तेव्हा शेकूची बायको स्वतःचा खांदा देते, तो प्रसंग अशाच शांतपणे येतो. दुसरा लेखक तिथे चार ओळी तरी हळहळला असता. माझ्या 'न कळण्याच्या' मुद्द्याला 'बनगरवाडी' थोडा छेद देते, हे मान्य. मास्तराला पुष्कळ कळतं. फक्त ते बोलून दाखवायची त्याला घाई नाही. दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडायला लागते तेव्हाही तो तसाच राहतो.

आता विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. महिन्यात सगळ्यात जास्त विचार हिने करायला लावला. चक्रधर बोटीने युरोपातून मुंबईला परततो आहे, त्याच बोटीवर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू आहेत, त्यांत हेर्टा आहे. चक्रधर प्रेमात एकदा पोळलेला आणि बायकांविषयी कडवट. सुरुवातीला त्याचा मला रागच येतो. त्याला मुंबईला उतरायचं आहे, तिला तिथे उतरता येणार नाही. कथा एवढीच, बोट पुढे जाते आहे तेवढ्याच वेळाची. हेर्टाचं पुढे काय होतं ते इथे सांगत नाही, न वाचलेल्यांसाठी ठेवते.

आणि कादंबरी 1939 मध्ये प्रसिद्ध झालेली आहे, हे लक्षात ठेवून वाचलं की अंगावर येतं. त्या काळात हजारो ज्यू शांघायच्या वाटेला लागले, कारण तिथे उतरायला व्हिसा लागत नव्हता आणि बाकीची दारं एकेक करून बंद होत होती. यमूचं न कळणं वयाचं आहे, नारबाचं त्याच्या जगाचं. इथे मात्र चक्रधरला कळत नाही, हेर्टाला कळत नाही, आणि खुद्द लेखकालाही पुढच्या सहा वर्षांत काय होणार हे ठाऊक नाही. बोटीवरचे लोक हसतात, भांडतात, प्रेमात पडतात, आणि मागे राहिलेल्या त्यांच्या माणसांचं काय होणार आहे हे फक्त आजच्या वाचकाला माहीत असतं. युद्ध संपल्यावर हीच कथा लिहिली असती तर बेडेकरांना हा निरागसपणा साधता आला नसता. युरोपातल्या त्या काळावर नंतर ढीगभर लिहिलं गेलं, पण युद्धाच्या उंबरठ्यावर उभं राहून मराठीत हे कुणीतरी लिहून ठेवलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

कविता महाजनांची 'ब्र' (2005) ही त्यांची पहिली कादंबरी. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, त्यानंतरचं हे जग. संसारातून बाहेर पडलेली प्रफुल्ला संस्थेच्या कामानिमित्त आदिवासी भागात फिरते आणि निवडून आलेल्या बायकांना भेटते. ज्या पानांवर या बायका स्वतःच्या शब्दांत बोलतात, किंवा बोलत नाहीत आणि प्रफुल्लाला काय विचारावं तेच सुचत नाही, ती पानं अस्सल आहेत. पण मध्यावर प्रफुल्लाला संस्थांचं राजकारण, निधी, कार्यशाळा सगळं समजलेलं असतं आणि ती ते आपल्याला समजावून सांगते. तिथे कादंबरी अहवालाकडे झुकते. हा माझा आक्षेप आहे, आणि तरीही ज्यांनी वाचली नाही त्यांनी 'ब्र' जरूर वाचावी. एवढी माणसं, एवढी गावं आणि एवढा राग एका पहिल्याच पुस्तकात पेलणं लहान गोष्ट नाही.

भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'मधला फक्त मनीच्या मृत्यूचा भाग काढून पुन्हा वाचला, बाकीच्या 'मीं'शेजारी तो कसा दिसतो ते बघायला. पांडुरंग सांगवीकर सगळ्या कादंबरीभर बोलतो, कशावरही बोलतो, आणि बहीण मनी देवीच्या रोगाने गेल्यावर तेच बोलणं तुटतं. त्यावर आणखी काही लिहावंसं वाटत नाही; तो भाग आहे तसाच पुरेसा आहे.

सध्या नंदा खऱ्यांची 'अंताजीची बखर' चालू आहे. अठराव्या शतकातला हा शिपाईगडी वीर नाही आणि तसा आवही आणत नाही. मोठ्या लढाया त्याच्या कडेकडेने होतात आणि त्याला पोटाची चिंता जास्त. ऐतिहासिक कादंबरीत मला नेहमी खटकणारा भारदस्तपणा इथे नावालाही नाही. निम्मी झाली आहे, म्हणून मत पुढच्या वेळी. ती संपली की तिचा पुढचा भाग 'बखर अंतकाळाची' लगेच घेणार.

'मी'चा एवढा सहवास झाल्यावर पुढच्या महिन्यात तृतीयपुरुषी निवेदनाकडे वळायचं आहे. पहिली उद्धव शेळक्यांची 'धग' (1960), कारण तिथलीही कौतिक एका शिंप्याचीच बायको आहे, पण तिची गोष्ट ती स्वतः सांगत नाही. पारबतीच्या आवाजाची सवय झालेली असताना कौतिक किती जवळ येते, ते बघायचं आहे. दुसरी 'बळी' (1950), विभावरी शिरूरकरांची, म्हणजे मालती बेडेकरांची. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना काटेरी तारांच्या आत ठेवत त्या सोलापूरच्या वसाहतीत त्यांनी स्वतः काम केलं होतं. 'रणांगण' लिहिणाऱ्या विश्राम बेडेकरांच्या त्या पत्नी, म्हणून या दोन कादंबऱ्या लागोपाठच्या महिन्यांत येताहेत याचा आनंद आहे. तिसरी जागा अजून रिकामी ठेवली आहे. 1950 च्या आधीची, लहान आणि तृतीयपुरुषी, अशी एखादी मिळाली तर ती.