अकोल्याचे अंबादास

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिही असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा सगळ्यांना वाटलं मी ड्रॉइंगच्या सरांच्या पट्टीबद्दल लिहिणार, पण ते बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय आपल्या गावच्या एका चित्रकारावर, ज्याचं नाव दहावीपर्यंत मी एकदाही ऐकलं नव्हतं.

अंबादास खोब्रागडे, जन्म अकोला, १९२२. मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टला गेलो आणि अकोल्याचा आहे म्हटल्यावर एक सिनियर म्हणाला, मग अंबादासच्या गावचा की! मला तर गिरणीवाले अंबादासभाऊ तेवढे माहीत.

चित्रकार अंबादास पण जेजेचेच, १९५२ चा डिप्लोमा. पुढे विणकर सेवा केंद्रात डिझायनरची सरकारी नोकरी केली, हातमागाच्या कापडासाठी डिझाइन करायचे (चित्रकार प्रभाकर बरवे पण बनारसला याच खात्यात होते, मी स्वतः कापडाच्या धंद्यात असल्याने मला याचं जास्तच कौतुक). १९६३ मध्ये स्वामिनाथन, जेराम पटेल वगैरे बारा कलावंतांच्या ‘ग्रुप १८९०’ मध्ये होते, दिल्लीच्या प्रदर्शनाचं उद्घाटन नेहरूंनी केलं, कॅटलॉगमध्ये कवी ऑक्टेव्हियो पाझ यांनी लिहिलं, तेव्हा ते मेक्सिकोचे भारतातले राजदूत होते. आणि गंमत म्हणजे ग्रुपचं ते एकच प्रदर्शन, नंतर सगळे आपापल्या वाटेने.

१९७२ ला अंबादास नॉर्वेला गेले, बायको तिकडचीच, आणि २०१२ ला ऑस्लोतच वारले. चाळीस वर्षं! कुठे आपला मे महिना आणि कुठे तो बर्फ. पण चित्रात ना कापसाचे ढीग ना बर्फाचे डोंगर, कॅनव्हासभर नुसते रंगाचे पट्टे वळत, वळसे घेत, एकमेकांत घुसत जातात, पूर आलेल्या आपल्या मोर्णा नदीसारखे. चित्रकार रझा पॅरिसला गेले ते सगळ्यांना ठाऊक, ऑस्लोला कोण बघायला जातंय? मला वाटतं म्हणूनच नाव मागे राहिलं, चित्रं कमी पडली म्हणून नाही.

आपल्याकडे इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेच्या संकल्पचित्रात एक पाकळी इकडची तिकडे झाली की सर म्हणायचे, “काऊन बे, हे काय काहाडलं? दोन्हीकडून सारखं पाह्यजे!” त्यांचंही बरोबर, मार्क त्यालाच होते. पण त्याच तासाला कोणी एक रंगीत फोटो दाखवून सांगितलं असतं की बाबांनो हे पण चित्रच आहे आणि काढणारा अकोल्याचा आहे, तर मागच्या बाकावरच्या दोनचार जणांचं तरी डोकं वेगळं चाललं असतं.

तर माझं म्हणणं एवढंच, महोत्सवाच्या निमित्ताने ड्रॉइंगच्या वर्गात अंबादासांच्या एका चित्राची चांगली मोठी प्रिंट लावा, खाली नाव आणि गाव ठळक लिहा. परवानगी रीतसर काढावी लागेल, त्याचं मी बघतो, आणि फ्रेमचा खर्च आमच्या बॅचकडे. ग्रुपवर अजून कोणाला विचारलेलं नाही, पण आता छापून आलं म्हणजे नाही कोण म्हणतो बघू.