तुम्ही विचारलंत म्हणून: लांबी भरून का नाही भागवलं?

आमची पद्मिनी, म्हणजे जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी, जिला सगळे फियाटच म्हणतात, ती दुरुस्तीला उघडी पडलेली दिसली की येणारा-जाणारा थांबून विचारतोच, अहो लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंग मारला असता की, पत्रा कापत कशाला बसलात. त्यात काका लोक जास्त, कारण पुण्यात प्रत्येकाकडे कधीतरी फियाट होती आणि प्रत्येकाला त्यातलं सगळं कळतं. आता तुम्हीही विचारलंत, तर सविस्तर सांगतो.

पद्मिनी मोनोकॉक आहे. जीपसारखी खाली वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारा सांगाडा, नाही हिला, फ्लोअर, दाराखालची सिल, खांब, छत हे सगळं मिळूनच चासी. म्हणजे सिल सडली की गाडी नुसती वाईट दिसत नाही, ती मधून वाकायला लागते, आणि मग दार उचलून लावावं लागतं. लांबीला काय ताकद असणार?

वरून सिलच्या रंगाला रुपयाएवढा फुगा होता हो. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. मिस्त्रींनी ग्राइंडर लावून सिल उघडली तर आत ओली माती, कुजलेली पानं, आणि कुठल्याशा जुन्या दुरुस्तीत पेपरचा बोळा कोंबून त्यावर लांबी थापलेली. पेपर पाणी धरून बसला आणि पत्रा आतून खाल्ला. जुनी गाडी घेणार असाल तर लोहचुंबक खिशात ठेवा, दाराच्या खालच्या कडेला आणि चाकाच्या कमानीवर फिरवा, चिकटला नाही तर समजा तिथे लांबीच आहे.

बरं, कापायचं म्हणजे धाडकन कापायचं नाही. आधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून घ्यायचे, नाहीतर सिल निघाली की बॉडी बसते आणि नंतर कुठलंच दार लागत नाही. एका वेळी एकच बाजू. प्रत्येक टप्प्याला दार लावून गॅप बघायची, आणि हे मिस्त्री इतक्यांदा करतात की बघणाऱ्याला कंटाळा येतो, पण सगळं काम त्यातच आहे. चासी नंबर ठोकलेल्या भागाला हात लावायचा नाही, आरटीओत कोण उत्तरं देत बसणार.

तयार पॅनल मिळणं अवघड, गाडी बनायची बंद झाली त्याला पंचवीसेक वर्षं होत आली. जुन्या बाजारात बुधवारी, रविवारी चकरा मारल्या की हँडल, काचेची पट्टी असलं मिळून जातं, सिल कुठून मिळणार. मग वीस गेजचा (जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा) सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला गुळगुळीत पत्रा आणून सिल बेंडिंग मशीनवर वाकवली, कमान मात्र हातानेच ठोकून काढली. वेल्डिंग सीओटूने (कार्बन डायऑक्साइड वायू सोडत तारेने करतात ते), तेही एक ठिपका इथे, एक तिथे, मधे थंड होऊ द्यायचं. सलग मारलं की पत्रा पापडासारखा वाकडा होतो. बंद करायच्या आधी आतून झिंक प्रायमर, रंगानंतर वॅक्स, आणि पाणी जायची भोकं मोकळी. ही भोकं बुजवणारे लोक बघितलेत मी, काय बोलायचं!

आणि हो, लांबी आम्हीही वापरली. वेल्डची रेघ घासून झाल्यावर वरून पातळ हात, दोन मिलिमीटरच्या आत, तेवढ्यापुरती ती चांगलीच आहे.