एक्झिटकोड ४

गुरुवारी भोसरीत लाइट जाते, म्हणून बुधवारीच ड्राइव्ह घेऊन गेलो. आम्ही छोट्या कारखान्यांना टेस्ट बेंच करून देतो: सीरियल पोर्टवरून गेजचं रीडिंग घ्यायचं आणि पास-फेल नोंदवायचं. आमच्या साहेबांना हवा होता एकच ड्राइव्ह. कुठल्याही जुन्या पीसीला लावा, आतल्या डिस्कला हात न लावता चालला पाहिजे.

मी लिनक्स फ्रॉम स्क्रॅच घेतलं, म्हणजे पुस्तकात बघून सगळं लिनक्स सोर्स कोडपासून स्वतः बांधायचं. आयतं काही नाही. आधी टूलचेन, म्हणजे प्रोग्राम बांधायची हत्यारं: बिनयुटिल्स, जीसीसी हा कंपायलर, जीलिबसी ही मूळ लायब्ररी. मग क्रूटमध्ये, म्हणजे त्या नव्या सिस्टिमच्या आत, शिरून तेच पुन्हा. यात वेळ मिनिटांत मोजत नाहीत. पहिलं बिनयुटिल्स बांधायला तुमच्या मशीनला लागेल ते एक माप, बाकी सगळं त्याच्या पटीत. जीसीसीच्या टेस्ट लावून घरी जायचं, निकाल सकाळी.

बूटचं काम मात्र मी जीव ओतून केलं होतं. तपकीर गल्लीतलं यूएसबी केसिंग, आत १२८ जीबीची एसएसडी. इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला ड्रायव्हर पुरवणारी तात्पुरती फाइलसिस्टिम) ठेवलंच नाही, म्हणून यूएसबीचे ड्रायव्हर वेगळे मॉड्यूल न करता कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच. डिस्कचं नाव बदलतं, आजचा एसडीबी उद्या एसडीसी होतो, म्हणून रूट (मुख्य पार्टिशन) पार्टयूयूआयडीने, म्हणजे पार्टिशनच्या स्वतःच्या क्रमांकाने; नुसता यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा क्रमांक, एकट्या कर्नलला कळत नाही. यूएसबीला जाग उशिरा येते, म्हणून रूटवेट, म्हणजे रूट दिसेपर्यंत कर्नलने थांबायचं. ऑफिसातल्या तिन्ही मशीनवर पहिल्या फटक्यात चालला.

भोसरीत दुसऱ्या पिढीचा आय-थ्री. ग्रब हा बूटलोडर आला, कर्नल आला, रूट माउंट झालं आणि पॅनिक, कर्नलने हात टेकले: 'अटेम्प्टेड टू किल इनिट'. इनिट म्हणजे कर्नल सुरू करतो तो पहिला प्रोग्राम. केबल बदलली, पोर्ट बदललं, केसिंगवाल्याचा उद्धार केला. तासाभराने स्क्रीनचा फोटो मोठा करून पाहिला. एक्झिटकोडच्या शेवटी ४. सिग्नल ४ म्हणजे इल्लीगल इन्स्ट्रक्शन, प्रोसेसरला न कळणारी सूचना. थोडं वर 'इनव्हॅलिड ओपकोड' असं चक्क लिहिलेलं होतं.

सीफ्लॅग्जमध्ये, म्हणजे कंपायलरच्या पर्यायांत, मीच घातलेलं मार्च नेटिव्ह: ज्या मशीनवर बांधतोय त्याच्याच प्रोसेसरसाठी बांध. जीसीसीने ऑफिसच्या नव्या प्रोसेसरच्या सूचना वापरल्या. एव्हीएक्स-टू वगैरे सूचनासंच इंटेलमध्ये २०१३ साली हॅसवेल पिढीबरोबर आला, हा पीसी त्याआधीचा. कर्नल स्वतःचेच फ्लॅग वापरतो म्हणून तो तेवढा उठला. असले फ्लॅग टूलचेनला त्रास देतात हे लिनक्स फ्रॉम स्क्रॅचच्या पुस्तकातच दिलंय. वाचलं होतं मी. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी असेल, म्हणून पुढे गेलो.

मेंटेनन्सचे काका इतका वेळ शेजारी उभे होते. "सर, माझा लावून बघू का?" किल्ल्यांच्या जुडग्यात मिंटचा, म्हणजे आयत्या लिनक्सचा, पेनड्राइव्ह. "विंडोज झोपलं की यानेच फायली काढतो." डेस्कटॉप आला. आमचा पायथनचा प्रोग्राम त्यावर टाकला, गेज वाचायला लागला.

"मग हेच का नाही दिलंत?"

मी रीड-ओन्ली, अपडेटची कटकट, असं बरंच बोललो. काका "बरं" म्हणाले. त्या 'बरं'ला उत्तर अजून सुचलेलं नाही.

शनिवार-रविवार बसून टूलचेनपासून सगळं साध्या एक्स-८६-६४ साठी, म्हणजे कुठल्याही ६४-बिट पीसीवर चालेल असं, पुन्हा बांधलं. ऑफिसच्या मशीनवर जुन्या-नव्या दोन्ही ड्राइव्हवर तपासणीचा वेळ मोजला. तितकाच! प्रोग्रामचा सगळा वेळ ९६०० बॉडच्या संथ गेजची वाट बघण्यातच जातो.

सोमवारी नवा नेऊन दिला. त्या आय-थ्रीवरही चालला. पुढच्या खेपेला गेलो तर पीसीला काकांचाच पेनड्राइव्ह. "तुमचा कपाटात जपून ठेवलाय, सर."