एका सेकंदाला आठ किलोमीटर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेबद्दल काही लिहावे, असे पत्र आले, तेव्हा स्नेहसंमेलने, सहली आणि शिक्षा यांवर इतर माजी विद्यार्थी भरभरून लिहितीलच, हे गृहीत धरून मी आमच्या भूगोलाच्या सरांनी भूकंपावर घेतलेल्या तासांविषयी लिहायचे ठरवले. या विषयावर पुढे जे काही वाचले, ते उमगण्याइतकी तयारी त्या तासांनीच करून घेतली होती.

पाठ्यपुस्तकात भूकंपाची कारणे एकाखाली एक दिलेली होती आणि ती पाठ करणे आमच्या सोयीचे होते. सरांनी मात्र पुस्तक मिटून सॅन फ्रान्सिस्कोचा १९०६ सालचा भूकंप सांगायला घेतला. तिथे सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाला, म्हणजे खडकांतल्या लांबलचक भेगेला, ओलांडून जाणारी सरळ कुंपणे तुटून त्यांचे दोन भाग एकमेकांपासून काही मीटर बाजूला गेलेले आढळले. त्यावरून अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरी फील्डिंग रीड यांनी असे मांडले की, भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक घर्षणामुळे अडकून राहतात, वर्षानुवर्षे कणाकणाने वाकत जातात आणि ताण घर्षणाला पुरून उरला की काही क्षणांत सरकून मोकळे होतात. खडक मुळात वाकतात कशामुळे, याचे समाधानकारक उत्तर मिळायला १९६० चे दशक उजाडावे लागले. वर्षाला काही सेंटिमीटर सरकणाऱ्या भूपट्टांची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड तुकड्यांची, कल्पना तेव्हा कुठे सर्वमान्य होऊ लागली.

त्यानंतरचा तास गणिताचा वाटावा असा होता. भूकवचातून भूकंपाच्या प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने जातात आणि दुय्यम लहरी सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने. त्यामुळे या दोन लहरी भूकंपमापक यंत्रावर पोहोचण्यातले अंतर जितक्या सेकंदांचे, त्याला साधारण आठाने गुणले की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते कळते. दिशा मात्र कळत नाही. सरांनी भिंतीवरच्या नकाशावर तीन ठिकाणे निवडली, फळ्यावरच्या मोठ्या लाकडी कंपासात खडू अडकवला आणि प्रत्येक ठिकाणाभोवती मोजून एकेक वर्तुळ काढले. तिन्ही वर्तुळे जिथे एकमेकांना छेदत होती, तिथे, म्हणजे अपिकेंद्रावर, बोट ठेवायला त्यांनी वर्गातल्या सगळ्यांत मागच्या बाकावरच्या मुलाला बोलावले. नकाशावरचे ते खडूचे डाग वर्षअखेरपर्यंत कोणी पुसले नाहीत.

रिश्टर यांनी १९३५ साली तयार केलेल्या मापनश्रेणीबद्दल त्यांनी एवढेच बजावले की, एका अंकाची वाढ म्हणजे कंपनाच्या आलेखाची उंची दहापट आणि मुक्त झालेली ऊर्जा सुमारे ३२ पट. (मोठ्या भूकंपांसाठी शास्त्रज्ञांनी केव्हाच वेगळी श्रेणी स्वीकारली असली, तरी वर्तमानपत्रे रिश्टर यांना सोडायला तयार नाहीत, ही गोष्ट वेगळी.)

त्सुनामीकडे सर याच गणितातून वळले. एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसत असताना वरच्या पट्टाची कड त्याला चिकटून खाली ओढली जाते; ती सुटून वर उसळली की समुद्रतळ उचलला जातो आणि त्यावरचा पाण्याचा सबंध स्तंभ हलतो. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा वरच्या थरापुरत्याच असतात, ही मात्र तळापर्यंतच्या पाण्याची हालचाल असते. म्हणूनच तिचा वेग खोलीवर ठरतो. गुरुत्वीय त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढा, असे सांगून त्यांनी आम्हाला ४,००० मीटर खोलीचे उत्तर काढायला लावले. सेकंदाला सुमारे २०० मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरहून अधिक. खोली १० मीटरवर आली की हाच वेग ताशी ३६ किलोमीटरवर येतो. पुढचे पाणी मंदावते, मागचे येतच राहते आणि भर समुद्रात जहाजालाही न जाणवणारी लाट किनाऱ्याशी उंच होते.

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा मला हेच गणित आठवले. भारताच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचे अंतर भूकंपलहरींनी काही मिनिटांतच कापले. समुद्राच्या लाटांना दोन तासांहून अधिक वेळ लागला. इशारा द्यायला एवढा अवधी पुरेसा होता, पण हिंदी महासागरात तो देणारी यंत्रणाच नव्हती. प्रशांत महासागरासाठी ती १९४९ पासून होती. आपल्याकडे हैदराबादचे केंद्र २००७ साली सुरू झाले. २००४ च्या त्या त्सुनामीच्याच दिवशी थायलंडमधल्या फुकेतच्या एका किनाऱ्यावर इंग्लंडमधल्या दहा वर्षांच्या विद्यार्थिनीने समुद्राचे विचित्र वागणे ओळखून आईवडिलांना सावध केले आणि तो किनारा वेळेत रिकामा झाला. तिने हा धडा जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिकला होता.

इशारा मिळूनही काय होऊ शकते, तेही सरांनी सांगून ठेवले होते. मे १९६० मध्ये चिलीच्या ९.५ तीव्रतेच्या भूकंपानंतर सुमारे पंधरा तासांनी लाटा हवाई बेटांवरील हिलो शहरात पोहोचल्या. भोंगे वाजले होते, पण पहिल्या लाटा लहान निघाल्या आणि काही जण किनाऱ्याजवळच थांबले. सर्वांत मोठी लाट त्यानंतर आली. तिथे ६१ जण दगावले.